झेंडूचा दोर

मुलांनो, चार मण वजनाची दगडी फरशी जिन्यावरून खाली आणायची असेल, तर सगळ्यात आधी काय लागतं?

दोर, असं म्हणाल तुम्ही. कोणी म्हणेल फळी. मागे बसलेली एखादी शहाणी मुलगी म्हणेल, आधी जिना मोजून घ्यावा. तुमची उत्तरं ऐकून मला वाईट वाटलं. अशा विचारांनी तुम्हाला मोठेपणी कुठल्याही समितीवर कोणी घेणार नाही. तेव्हा मांडी घालून नीट बसा आणि ऐका.

एका जंगलात एक टेकडी होती आणि टेकडीवर सिंहमहाराजांचा महाल होता. महालाच्या माडीवर एक मोठं टेबल होतं. वर हिरवं कापड, कडेला सहा खिसे. त्याला पूल टेबल म्हणत. काठीने एका चेंडूवर दुसरा चेंडू मारायचा आणि तो खिशात घालवायचा, असा तो खेळ. महाराजांना काठी धरता येत नसे. ते पंजानेच चेंडू ढकलत. चेंडू खिशात गेला की दरबारी टाळ्या वाजवत. नाही गेला तर मोर तो चोचीने हळूच खिशात लोटी, आणि मग टाळ्या वाजत. महाराज आजवर एकही डाव हरले नव्हते.

पुढे महाराजांचे गुडघे दुखू लागले. वैद्यबुवा अस्वलाने सांगितलं, "जिना चढायचा नाही."

महाराज म्हणाले, "ठीक आहे. टेबल खाली आणा."

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती दरबारात कोणालाच माहीत नव्हती. हे टेबल वरून दिसतं मऊ, पण कापडाच्या खाली असतो दगड. चांगल्या जाडजूड तीन फरश्या, एकीला एक लावून घट्ट बसवलेल्या. दरबाऱ्यांनी वर्षानुवर्षं त्या टेबलाला रेलून गप्पा मारल्या होत्या. पण आपण कशाला रेललो आहोत, हे बघण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

जंगलात हे एकालाच ठाऊक होतं. त्याचं नाव भिवबा. भिवबा गाढव होता, म्हणून त्याला कोणी विचारलं नाही. महाल बांधला तेव्हा त्या फरश्या त्यानेच मातीच्या उतारावरून वर नेल्या होत्या. नंतर उतार काढून टाकला, भिंत बांधली आणि भिंतीत अरुंद जिना केला. टेबल कधी खाली आणावं लागेल, असं बांधणाऱ्यांना वाटलं नव्हतं. भिवबाच्या पुढच्या डाव्या पायात थोडी लचक होती. जात्याची एक तळी, म्हणजे खालचा दगड, उतरवताना कोणीतरी "चल, उरक" म्हणालं होतं, तेव्हाची ती लचक. तेव्हापासून "उरक" हा शब्द ऐकला की तो जागच्या जागी थांबत असे. त्यामुळे तो आळशी आहे, असं सगळ्यांचं मत होतं.

महाराजांनी समिती नेमली. अध्यक्ष झाले तरसराव तरस. त्यांनी जन्मात काही उचललं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या हातून काही पडलंही नव्हतं, आणि अनुभवी म्हणून त्यांचं नाव होतं. स्वागताचं काम मोराकडे गेलं. वजनाचे जाणकार म्हणून हत्तीसाहेबांना घेतलं. हत्तीसाहेब जिन्यात मावत नव्हते. त्यांनी अंगणात उभं राहून मार्गदर्शन करायचं ठरलं.

समितीने तीन बैठका घेतल्या. पहिलीत ठरलं की टेबल आहे तसं अखंड न्यायचं, कारण ते महाराजांच्या आजोबांचं होतं आणि आजोबांचे तुकडे करणं शोभत नाही. दुसरीत जिना मोजला. तिसरीत कापड काढून पाहिलं, खाली तीन फरश्या निघाल्या, आणि आजोबांचे तीन तुकडे करायला मंजुरी मिळाली.

मग ओझं वाहायला माणसं, म्हणजे आपल्या गोष्टीतली जनावरं, हवी होती. म्हणून भिवबाला निरोप गेला. आणि भिवबाला निरोप गेला की तो म्हसूलाही असे.

म्हसू हा रेडा. भिवबाचा जोडीदार. पंधरा पावसाळे दोघांनी एका दोराने ओझी ओढली होती. म्हसूची छाती दरवाजाएवढी होती आणि मन लहान वासराचं. कोणी "वा म्हसोबा" म्हटलं की तो झाडसुद्धा उपटायला निघे. त्या दिवशी निघताना म्हसूची बायको चंद्रा म्हैस गोठ्याच्या दारात आली.

"भावजी," ती भिवबाला म्हणाली, "महालाचं काम आहे. तिथे गोड बोलणारे फार. यांना गोड बोललं की यांना पुढचं दिसत नाही. जातायत तसे चार पायांवर परत आणा."

"आणतो वहिनी," भिवबा म्हणाला.

म्हसू म्हणाला, "मी काय रेडकू आहे का?"

"रेडकाला निदान भीती तरी असते," चंद्रा म्हणाली आणि आत गेली.

माडीवर समिती बसली होती. भिवबाने फरश्या पाहिल्या, जिन्याचं तोंड पाहिलं, वरचा लाकडी खांब हलवून पाहिला. अठरा पायऱ्या होत्या. सातवी मधोमध झिजलेली होती. मग तो म्हणाला, "अध्यक्षसाहेब, सांगू का?"

"थोडक्यात," तरसराव म्हणाले.

"एकेका फरशीला घोंगडी गुंडाळायची. आडवी न्यायची नाही, आडवी नेली तर स्वतःच्याच वजनाने तडकते. काठावर उभी करून फळीला बांधायची. पायऱ्यांवर लांब फळ्या टाकायच्या. दोराचं एक टोक फरशीला, आणि दोराचे दोन वेढे या खांबाला. मी इथून दोर वीत वीत सोडीन. फरशीच्या खालच्या अंगाला कोणी उभं राहायचं नाही. आणि बोलायचं एकानेच. त्याने थांब म्हटलं की थांबायचं."

एवढा साधा बेत समितीने पूर्वी ऐकला नव्हता.

"दोर कशाला?" मोराने विचारलं.

"फरशी सुटली तर धरायला."

"म्हणजे ती सुटेल असं तू धरूनच चाललास," तरसराव म्हणाले. "महाराजांच्या जिन्यावर, महाराजांच्या टेबलाचा भाग, महाराजांच्या सेवकांच्या हातून सुटेल. हे तू महाराजांना तोंडावर सांगशील का?"

"फरशीला महाराज कोण ते कळत नाही, साहेब."

"तेच म्हणतो. तुलाही कळत नाही. दोर बांधायचा नाही. चांगलं दिसत नाही ते."

"आणि खाली कोणी नाही म्हणजे काय?" मोर म्हणाला. "पुढे कोणीच नसेल तर हार कोणाला घालायचा? फोटोत काय नुसता दगड येणार?"

इथे मुलांनो, त्या जंगलाची एक रीत सांगायला हवी. तिथे काहीही उचलून न्यायचं असलं, नवरदेव असो, देव असो की मढं असो, पुढचा खांदा हा मानाचा खांदा. पुढे कोण, यावरून त्या जंगलात तीन पिढ्यांची बोलणी तुटलेली होती. पुढची जागा ती मानाची जागा, एवढं सगळ्यांना पाठ होतं. पण जिना उतरताना जो पुढे असतो तोच खाली असतो, आणि सगळं वजन त्याच्याकडे बघत असतं, हा हिशोब कोणी केला नव्हता. सपाट जमिनीवर तो करावा लागत नाही.

"मानाची जागा म्हसोबांना," तरसराव म्हणाले. "अशी छाती साऱ्या जंगलात नाही. मी त्यांच्या शेजारी राहीन. फरशीला एक पंजा लावीन."

म्हसूची मान ताठ झाली. भिवबाने त्याच्याकडे पाहिलं. म्हसूने पाहिलं नाही.

"म्हसू," भिवबा हळूच म्हणाला, "तू वर थांब. माझ्याबरोबर दोर धर."

"दोर नाहीये म्हणालेत ना ते," म्हसू म्हणाला. "आणि तुला एवढं काय झोंबलं? पंधरा वर्षांत कोणी मला पुढे हो म्हटलं नव्हतं. तू म्हणालास का कधी?"

"नाही म्हणालो. म्हणून तुझे चारही पाय आहेत."

"मानाचं तुला काय कळणार," म्हसू म्हणाला, आणि भिवबाला ते लागलं. पण भिवबाने चंद्राला शब्द दिला होता. तो विचार करू लागला.

आडवी की उभी, यावर पुन्हा वाद झाला. समितीला फरशी आडवी हवी होती, ताटासारखी, वर उदबत्त्या लावता येतील अशी. भिवबा दगडाबद्दल बोलून थकला. शेवटी तो म्हणाला, "उभी धरली तर मागे काळाभोर पडदा होईल. साहेबांचा चेहरा फोटोत उठून दिसेल."

फरशी उभी न्यायचं तत्काळ ठरलं.

तेव्हा भिवबाला समजलं की या घरात कुठल्या भाषेत बोलायचं. त्याने विचारलं, "वरच्या खांबापासून फरशीपर्यंत झेंडूची एक लांब माळ सोडली तर चालेल का? शोभेला?"

"बघा," मोर तरसरावांना म्हणाला, "शिकवलं तर गाढवसुद्धा शिकतं."

त्या दुपारी भिवबाने माळ केली. आधी आपला जुना काथ्याचा दोर पसरला, त्यावर एकाला एक चिकटून झेंडू गुंडाळले. कुठे काथ्याचा तंतूही दिसू दिला नाही. एक टोक फरशीच्या फळीला बांधलं. खांबाला दोन वेढे दिले. मोराने येऊन पाहिलं आणि तो म्हणाला, "खांबाला दोन वेढे का?"

"एक वेढा अशुभ असतो," भिवबा म्हणाला. आयुष्यात तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि पहिल्यांदाच त्याचं बोलणं कोणाला पटलं.

मुहूर्तावर महाराज खाली चौकात येऊन बसले. नारळ फुटला. म्हसूच्या गळ्यात हार पडला. तो फरशीच्या खाली, दोन पायऱ्या पुढे, छाती काढून उभा राहिला. शेजारी तरसराव, एक पंजा फरशीला, तोंड चौकाकडे. वरच्या अंगाला चार दरबारी फरशी धरून. कॅमेरा घेऊन माकड जिन्याच्या तळाशी. हत्तीसाहेब अंगणात. भिवबा वर खांबाआड, झेंडूची माळ खांद्यावरून घेतलेली.

सहा पायऱ्या बऱ्या गेल्या. सातवीवर माकड म्हणालं, "इकडे बघा."

तरसराव म्हणाले, "थांबा."

अंगणातून हत्तीसाहेब म्हणाले, "चला, उरका."

मोर म्हणाला, "थोडं उजवीकडे."

वरच्या चौघांनी मिशा सारख्या करायला पंजे सोडले, आणि फरशी निघाली.

आवाज फार झाला नाही. फळीवर दगडाची एक खरड, आणि मग वर खांबाने दिलेली करकर. माळ ताणली गेली. झेंडूच्या पाकळ्या साऱ्या जिन्यात उडाल्या. खांबाआड भिवबाच्या खांद्यावरून दोर सरकला आणि कातडी घेऊन गेला. त्याने डोळे मिटले, लचकलेला पाय भिंतीला टेकवला आणि सोडलं नाही.

फरशी म्हसूच्या छातीपासून चार बोटांवर थांबली.

म्हसूनेही डोळे मिटले होते. उघडले तर समोर दगड, आणि तो थांबलेला. छाती आपली. मग थांबवला कोणी? म्हसूने जे ओळखलं ते तुम्हीही ओळखलं असतं, कारण खालून वर टाळ्या येत होत्या.

"शाबास म्हसोबा," महाराज म्हणाले. "छातीवर झेललीस. आणि वर पुष्पवृष्टी काय वेळेवर झाली."

त्यानंतर भिवबाने उरलेल्या अकरा पायऱ्या फरशी वीत वीत सोडली. कोणाच्या लक्षात आलं नाही. चौकात सत्कार झाला. म्हसूला शाल आणि नारळ. तरसरावांना शाल आणि नारळ. एक पंजा लावूनसुद्धा त्यांचा पंजा शाबूत राहिला, याचा खास उल्लेख झाला.

सत्कार संपता संपता मोर माळ आवरायला वर गेला, आणि ओरडत खाली आला. माळेच्या पोटात दोर सापडला होता.

चौकशी तिथल्या तिथे बसली.

"हा दोर कोणी बांधला?" तरसरावांनी विचारलं.

"मी," भिवबा म्हणाला.

"कशासाठी?"

"फरशी सुटली तर धरायला."

"फरशी पडली का?"

"नाही."

"कोणाला लागलं का?"

भिवबाने खांद्यावरचा पंचा थोडा पुढे ओढला. "नाही."

"मग दोराची गरज काय होती?"

याचं उत्तर भिवबाजवळ होतं. पण ते ऐकायला जे लागतं, ते समोर बसलेल्यांपैकी कोणाजवळ नव्हतं. तो म्हसूकडे पाहू लागला. म्हसू शालीच्या काठाकडे पाहत होता.

"म्हसोबा, तुम्ही सांगा," तरसराव म्हणाले. "फरशी कोणी अडवली?"

म्हसूने शाल खांद्यावर ओढली. "छातीला जोर लागल्यासारखं वाटलं खरं," तो म्हणाला.

निकाल लागला. सेवकांच्या निष्ठेवर अविश्वास दाखवल्याबद्दल आणि शोभेच्या फुलांची नासाडी केल्याबद्दल भिवबाला कामावरून काढलं. दोर जप्त झाला. उरलेल्या दोन फरश्या म्हसोबांच्या नेतृत्वाखाली दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवायच्या, असं जाहीर झालं.

दिवेलागणीला म्हसू गोठ्यात शाल पांघरून बसला होता. भिवबा दारात उभा राहिला.

"आणलं, वहिनी," तो म्हणाला. "चार पायांवर." आणि तो वळला.

"थांबा भावजी. पंचा काढा."

भिवबाने काढला नाही. चंद्रानेच काढला. खांदा सोलवटून लाल झाला होता, आणि त्यात काथ्याचे तंतू आणि झेंडूची एक पाकळी रुतली होती. तिने हळद आणली. लावता लावता ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, जरा इकडे छाती करा."

म्हसूने शाल बाजूला केली.

"यावर ओरखडा नाही," चंद्रा म्हणाली. "चार मणांचा दगड झेललात तुम्ही, आणि केससुद्धा मोडला नाही. आणि भावजी वर उभं राहून फुलं टाकत होते, त्यांचं हे असं झालं. मला रेडकागत समजावून सांगा. कसं ते."

म्हसूने खांद्याकडे पाहिलं. आपल्या छातीकडे पाहिलं. मग त्याने शाल काढली आणि घडी केली, वाकडीतिकडी.

"भिवबा," तो म्हणाला, "चौकात मी..."

"असू दे."

"उद्या मी जात नाही."

"हो," भिवबा म्हणाला. एवढंच ऐकायला तो आला होता.

पण घरी जायच्या ऐवजी तो टेकडी चढला. लंगडत. त्याला काढून टाकलं होतं, पण दोन फरश्या अजून माडीवर होत्या, आणि खाली कोणीतरी उभं राहणारच होतं.

तरसराव ओसरीवर होते.

"साहेब, म्हसू येणार नाही," भिवबा म्हणाला. "मीही येत नाही. पण दोर तुमच्याच खोलीत आहे. खांबाला दोन वेढे द्या. बस. आणि खाली कोणाला ठेवू नका."

तरसरावांनी त्यातलं एकच ऐकलं.

"म्हसू येणार नाही? म्हणजे मानाची जागा रिकामी?"

आतून मोर आला. "मधोमध मी राहीन. आज माझा फोटोच आला नाही."

"मी अध्यक्ष आहे."

"आज तुमची शाल झाली."

वरचे चार दरबारी धावत आले. शाल वरच्यांना मिळत नाही, हे त्यांनी आज डोळ्यांनी पाहिलं होतं. अंगणातून हत्तीसाहेबांनी विचारलं की जिन्याची एक भिंत पाडता येईल का. कोण पुढे, यावरून बराच गोंधळ झाला. शेवटी समितीने एकमताने ठरवलं की पुढे सगळ्यांनीच राहावं.

भिवबा अजून पायरीशी उभा होता.

"वर कोण धरणार, साहेब?" त्याने विचारलं.

"वर मान नाही," तरसराव म्हणाले. "तू जा आता."

भिवबा गेला.

तात्पर्य:

हे तात्पर्य माझं नाही, मुलांनो. त्याच संध्याकाळी ते दरबारात मंजूर झालं आणि जिन्याच्या तोंडाशी पाटीवर लिहून लावलं. जे पडलं नाही, ते पडणारच नव्हतं. म्हणून धरून ठेवणाऱ्याला आधी घरी पाठवावं, आणि सगळ्या मोठ्यांनी मिळून पुढे उभं राहावं.

सुंदर अक्षरात लिहिलंय. वहीत उतरवून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ठरल्या मुहूर्तावर, दुसरी फरशी दोराशिवाय जिन्यावर आली. तिला अठरा पायऱ्या उतरायला तुम्ही तुमचं पूर्ण नाव सांगाल एवढाच वेळ लागला, आणि समिती तेव्हा मानाच्या जागी उभी होती.